अळंबीच्या डबीवर कॅन्सरचं नाव नको

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधाचं दुकान आहे. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. एक बाई आल्या, मोबाईल काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "अण्णा, हे असलं तुमच्याकडं मिळतंय का?" पडद्यावर लालसर, लाकडासारख्या कडक भूछत्राचं चित्र होतं. खाली मराठीत लिहिलेलं होतं, 'कॅन्सरच्या पेशी मुळापासून नष्ट'. बाई विडी कामगार होत्या. बोटांना तंबाखूचा वास, नखांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. औषध त्यांना स्वतःसाठी नको होतं. धाकट्या बहिणीच्या गालाच्या आत एक जखम तीन महिने भरत नव्हती. तुकडा काढून तपासून झाला होता, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. "ऑपरेशननं तोंड वाकडं होतंय म्हणतात. त्याआधी हे तीन महिने देऊन बघावं म्हटलं." बचत गटातून उचललेले चौतीसशे रुपये पदराच्या गाठीत होते.

मी त्यांना डबी दिली नाही, कारण त्या दिवशी माझ्याकडं शिल्लक नव्हती. खरं ते सांगतो. एक एजंट तशाच डब्या ठेवून गेला होता आणि त्या दोन महिने माझ्या काचेच्या कपाटात होत्या. त्यातल्या चार मी विकल्या होत्या. बाईंनी दुसरीकडून घेतली. बहीण दिवाळीनंतर ऑपरेशनला गेली तेव्हा आजार मानेच्या गाठींत उतरला होता.

त्यानंतर मी रोज रात्री दुकान बंद करून वाचायला बसलो. जे हाती लागलं त्यावरून आपल्या शहरानं आणि जिल्ह्यानं काय ठरवावं, ते इथं मुद्द्यांनी मांडतो.

१. अळंबीत गुण आहे, हे आधी मान्य करू.

अळंबी म्हणजे नुसतं थोतांड, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. जपानमध्ये शिताके नावाची अळंबी रोजच्या जेवणात असते. तिच्या अर्कानं उंदरांमधल्या गाठी आक्रसतात, असं गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं. त्या द्रव्याचं नाव लेंटिनान. जठराच्या कॅन्सरसाठी जपाननं १९८५ मध्ये ते औषध म्हणून मंजूर केलं. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, क्रेस्टिन मंजूर झालं होतं. वाळक्या खोडावर पंख्यासारखी वाढणारी, रंगीत पट्ट्यांची एक अळंबी असते, तिच्यातून ते काढतात. १९८६ मध्ये शिझोफायलन आलं. ते ज्या अळंबीतून निघतं ती आपल्याकडंही उगवते. पावसाळ्यात लाकडाच्या वखारीत पडलेल्या ओंडक्यांवर नखाएवढे पांढुरके, लव असलेले पंखे दिसतात, तीच ही. मणिपूरमध्ये ती आवडीनं खातात.

ही द्रव्यं काम कशी करतात, तेही समजण्यासारखं आहे. बुरशीच्या पेशीभोवतीच्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या असतात. बुरशी हा आपल्या शरीराचा फार जुना शत्रू, त्यामुळं आपल्या पांढऱ्या पेशींना ती साखळी ओळखता येते. साखळी दिसली की पहारेकरी जागे होतात. म्हणजे कॅन्सरच्या पेशीला हे द्रव्य स्वतः मारत नाही, आपल्याच फौजेला उठवतं. या कल्पनेत दम आहे. १९९४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जपानच्या २६२ रुग्णांची चाचणी छापून आली. जठराचा कॅन्सर काढून टाकलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना केमोथेरपी दिली, निम्म्यांना केमोथेरपीसोबत क्रेस्टिन दिलं. पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरात साठ माणसं हयात होती, दुसऱ्यात त्र्याहत्तर. शंभरामागं तेरा घरं. हा फरक हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

२. पण ऑपरेशनच्या जागी अळंबी कुणीच दिली नव्हती.

त्या २६२ जणांतल्या प्रत्येकाचं ऑपरेशन झालेलं होतं आणि प्रत्येकाला केमोथेरपी मिळत होती. अळंबी वरची होती. लेंटिनान तर तोंडानं घ्यायचं औषधच नव्हतं, ते शिरेतून देत. शिझोफायलन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनच्या जोडीला द्यायचं इंजेक्शन होतं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरात 'जपान सरकारची मान्यता' एवढे तीन शब्द उचलले जातात आणि ऑपरेशन, केमो, रेडिएशन, इंजेक्शन हे चार शब्द गाळले जातात.

आणि जपानही तिथंच थांबला नाही. पुढं जठराच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये केमोच्या नव्या गोळीसोबत लेंटिनान देऊन त्यांनी तीनशेहून अधिक रुग्णांवर पुन्हा चाचणी घेतली. त्यात लेंटिनानमुळं आयुष्य वाढलं नाही. औषध मंजूर होऊन वीसहून अधिक वर्षं झाली होती तरी त्यांनी ते परत तपासलं आणि उत्तर मनासारखं आलं नाही तरी छापलं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

आपल्याकडं सगळ्यात जास्त विकली जाते ती रेशी, म्हणजे गॅनोडर्मा. त्या मोबाईलमधलं लाल भूछत्र तेच. तिच्याबद्दलच्या सगळ्या चांगल्या चाचण्या कॉक्रेन या संस्थेनं एकत्र करून तपासल्या. जगभरातून निकषात बसल्या त्या पाच, त्यातली माणसं मिळून ३७३. निष्कर्ष असा की कॅन्सरवरचा पहिला उपचार म्हणून रेशी देण्याइतका पुरावा नाही. मुख्य उपचारासोबत जोड म्हणून विचार करता येईल, तोही त्या चाचण्यांच्या उणिवा लक्षात ठेवून.

अमेरिकेतले प्रसिद्ध अळंबीतज्ज्ञ पॉल स्टॅमेट्स यांच्या आईचीही गोष्ट फार फिरते. स्तनाचा कॅन्सर पसरलेला असताना त्या अळंबीनं बऱ्या झाल्या, असं लोक सांगतात. स्टॅमेट्स यांनी २०११ च्या आपल्या भाषणात स्वतःच सांगितलंय की आईला टॅक्सॉल आणि हर्सेप्टिन ही दोन्ही औषधं चालू होती. आपल्यापर्यंत पोचेतो गोष्टीतून ती दोन नावं गळून पडतात. त्यातल्या टॅक्सॉलकडं मी चौथ्या मुद्द्यात येणारच आहे, कारण ते नाव आपल्या मातीशी जोडलेलं आहे.

३. काचेच्या ताटलीत मेलेली पेशी म्हणजे बरा झालेला माणूस नव्हे.

प्रयोगशाळेत ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशींवर अर्क टाकला आणि त्या मेल्या, असे निबंध शेकड्यानं निघतात. ताटलीत व्हिनेगर टाकलं तरी पेशी मरतात. तोंडानं घेतलेली पावडर आधी आतड्यातून पार व्हावी लागते. बीटा-ग्लुकनचे रेणू एवढे मोठे असतात की ते रक्तात फारसे उतरतच नाहीत. कीडाजडी म्हणून जी विकतात तिच्यातलं कॉर्डिसेपिन रक्तात उतरतं, पण आपल्या शरीरातलं एक विकर त्याची भराभर मोडतोड करतं. म्हणून परदेशात त्या रेणूची रचना बदलून, मोडतोड टाळून, त्याच्या चाचण्या चालू आहेत. ते काम वेगळं आणि बरणीत उगवलेल्या नारिंगी काड्यांचा काढा वेगळा.

४. रानातल्या वस्तूचं औषध कसं होतं, ते नंदुरबारच्या माणसानं जगाला दाखवलंय.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून पुढं ते अमेरिकेला गेले. तिथं मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी झाडांच्या अर्कांतून कॅन्सरवरची द्रव्यं शोधायला घेतली. एका चिनी झाडातलं कॅम्प्टोथेसिन त्यांनी १९६६ मध्ये जगापुढं ठेवलं. पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये मांडली. आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरला हे औषध आपल्या सोलापुरातही देतात. पॅक्लिटॅक्सेल या नावानं ते बिलावर असतं.

पण तारखा बघा. सालीचा पहिला नमुना १९६२ मध्ये गोळा केला होता आणि औषधाला मंजुरी मिळाली १९९२ मध्ये. तीस वर्षं! कॅम्प्टोथेसिनची कथा तर आणखी बोलकी आहे. माणसांवर वापरून बघितलं तेव्हा रुग्णांची मूत्राशयं रक्ताळली, चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग त्याच रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं झाली, अमेरिकेत १९९६ मध्ये. ते कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही आहे, इतकं की त्याच्या लाकडाची चोरटी तोड झाली. म्हणून काय नरक्याचा काढा कुणी प्यावा? ज्यानं रक्ताची लघवी होते तोच रेणू मोजून मापून, रूप बदलून दिला की जीव वाचतो. औषध आणि विष यांच्यामधलं अंतर त्या तीस वर्षांत मोजलेलं असतं.

सदाफुलीचंही तेच. आपल्याकडं पत्र्याच्या डब्यात लावलेली सदाफुली गल्लोगल्ली आहे. तिच्यातून काढलेलं व्हिनक्रिस्टिन १९६० च्या दशकापासून लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात. सदाफुलीची पानं चावून कुठलंही पोर बरं झालेलं नाही. मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेत दिलेल्या औषधानं झाली आहेत.

मग आपली स्वतःची औषधी अळंबी नाही का? आहे. फणसाच्या खोडावर वाढणारी कडक, तपकिरी अळंबी, फणसोंबा. घाटमाथ्याच्या आणि कोकणाच्या लोकवैद्यकात ती उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावतात, काष्ठौषधींच्या दुकानात तुकडे मिळतात. पुणे विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य यांनी रब्बा यांच्यासह १९९३ मध्ये अशा लोकौषधी अळंब्यांची नोंद 'मायकॉलॉजिस्ट' नियतकालिकात करून ठेवली. फणसोंब्याच्या कुळातल्या अळंब्यांवर कोरिया आणि जपाननं कॅन्सरच्या दृष्टीनं बरंच काम केलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत देशाचा कवकसंग्रह आहे. माणसं आहेत, संस्था आहेत, अळंबीही आहे. फणसोंबा नीट तपासायला राज्यानं पैसे द्यावेत, अशी माझी मागणी आहे. परदेशातल्या रेशीची पावडर आयात करून मराठी चिकटपट्टी लावायची, यात आपण काय मिळवलं?

५. डबीत काय आहे, ते डबीवर लिहिलंय तेवढंच असतं असं नाही.

तशीच एक डबी मी आता माझ्याकडं ठेवली आहे. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'अमृत' शब्द, लाल भूछत्र आणि उगवता सूर्य. बाजूच्या पट्टीवर हिरवा ठिपका, खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक. मागं, बारकोडच्या खाली, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ आहे. तिचा अर्थ 'औषधी वापरासाठी नाही'. २०१६ च्या नियमांनुसार अशा पूरक आहारावर ती ओळ छापावीच लागते. मला वाचायला चष्मा पुसून उजेडात जावं लागलं. त्या बाईंनी ती कशी वाचावी? त्यांना तेलुगू बोलता येतं, मराठी वाचता येतं, इंग्रजी येत नाही.

कॅप्सूलमध्ये नेमकं काय, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आली. खरी रेशी निघाली फक्त पाचांत. काही उत्पादक धान्यावर बुरशीचं जाळं वाढवतात आणि धान्यासकट दळतात, म्हणजे गिऱ्हाईक अळंबीच्या भावानं पीठ खातं. शिवाय अळंबी ज्यावर वाढते त्यातले कॅडमियमसारखे जड धातू ती शोषून घेते. ही तपासणी करायची यंत्रं विद्यापीठांत असतात. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठानं आणि अन्न व औषध प्रशासनानं मिळून वर्षातून एकदा सोलापूरच्या बाजारातल्या अळंबीच्या दहा डब्या उघडाव्यात आणि निकाल मराठी वर्तमानपत्रांत नावानिशी द्यावा.

६. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे खरं नाही.

रेशीनं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो. ऑपरेशनच्या आधी हे माहीत नसेल तर सर्जनची अडचण होते. रेशीची पावडर घेणाऱ्यांत यकृताला सूज येऊन माणूस दगावल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. केमोथेरपी चालू असताना यकृतावर आधीच भार असतो.

पण या सगळ्यांपेक्षा मोठं नुकसान वेळेचं. अमेरिकेत बऱ्या होण्याजोग्या कॅन्सरचे रुग्ण तपासून २०१८ मध्ये एक निबंध आला. मुख्य उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांमध्ये मरण्याची शक्यता अडीच पट निघाली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. तीन महिन्यांचा कोर्स म्हणजे तीन महिन्यांची मुभा, आणि ती मिळते रोगाला.

७. सोलापूर जिल्ह्याला पुरावा म्हणजे काय, हे शिकवायची गरज नाही.

हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, आणि आपल्याच लोकांना माहीत नाही म्हणून वाईट वाटतं. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथं १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली गावं. भारतातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. शहरांतल्या मोठ्या रुग्णालयात आलेले रुग्ण मोजणं सोपं असतं, पण इथं कार्यकर्ते स्वतः गावात जात, पारावर, समाजमंदिरात बसून लक्षणं समजावत. बायकांना अंगावरून रक्त जाण्याबद्दल चारचौघांत बोलायला लावणं सोपं नव्हतं. काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या पायरीवर दवाखान्यात येऊ लागल्या आणि जास्त जगू लागल्या. कुठलंही नवं औषध आलं नव्हतं. फक्त सांगणारं माणूस दारात आलं होतं.

मग त्याच बार्शीच्या हॉस्पिटलनं मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लियॉंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्याबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक चाचणी घेतली. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चार गट पाडले. एकात एचपीव्ही विषाणूची तपासणी, एकात पेशींची, एकात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. आठ वर्षं पाठपुरावा केला. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चौतीस हजार बायकांत ३४ मृत्यू. नेहमीच्या व्यवस्थेतल्या साडेएकतीस हजारांत ६४. ज्वारीच्या रानातून खुरपं ठेवून आलेल्या बायकांनी जगभरच्या बायकांची तपासणी कशी करावी, ते ठरवायला मदत केली.

ज्या भागातल्या माणसांनी एवढी मोठी परीक्षा दिली, त्यांच्याच नातवंडांच्या हातात आज मोबाईलवरून कसलीही परीक्षा न दिलेली डबी जाते. अळंबीवाल्यांना आपण हक्कानं विचारू शकतो. किती माणसांवर, किती वर्षं, कुणाशी तुलना करून? बार्शीनं दाखवलेलं माप आपल्याजवळ आहे. जोड-उपचार म्हणून अळंबीची चाचणी घ्यायची असेल तर ती बार्शीतच घ्यावी. मी स्वतः त्या कामाला माझ्या दुकानातून माहितीपत्रकं वाटीन.

८. कायदा सत्तर वर्षांपासून आहे.

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४. त्याच्या अनुसूचीत ज्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे आणि तिच्यात कॅन्सर आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास वर्षापर्यंत. 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या मी दोनदा वाचली. त्यात लेबल, वेष्टण, पत्रक तर येतंच, तोंडी केलेली घोषणाही येते, आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साधनानं केलेलीही येते. त्या काळच्या माणसांनी सिनेमाच्या पडद्यावरची पाटी आणि विमानानं आकाशात काढलेली धुराची अक्षरंसुद्धा धरली होती. मोबाईलच्या पडद्यावरचा व्हिडिओ त्यात बसतो. खाद्यपदार्थ म्हणून परवाना घेऊन रोग बरा होतो असं सांगणाऱ्यावर अन्न सुरक्षा कायद्यानं दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, होम मैदानावर स्टॉल लागतात. त्याच सुमारास कृषी प्रदर्शनंही होतात. ध्वनिक्षेपकावरून 'शुगर, सांधे, कॅन्सर' असं एका दमात ओरडणारे आपण सगळ्यांनी ऐकलेत. देवस्थानानं, महापालिकेनं आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांनी स्टॉल देतानाच लेखी घ्यावं की अनुसूचीतल्या कुठल्याही आजाराचं नाव घेतलं तर गाळा त्याच दिवशी रिकामा. त्याला नवा कायदा लागत नाही. करारनाम्यात एक ओळ लागते.

आमच्या धंद्यातल्यांनाही सांगतो. अशा डबीवर औषधापेक्षा दुपटी-तिपटीनं मार्जिन मिळतं, म्हणून ती काउंटरवर पुढं येते. सोलापुरातल्या केमिस्टांनी आपल्या बैठकीत ठरवावं, की कॅन्सरचं नाव असलेली पूरक आहाराची डबी ठेवायची नाही. मी थांबवलंय. गल्ल्यात फरक पडला, पण फार नाही.

९. अळंबी पिकवणाऱ्यांचं नुकसान करू नका.

आपल्या भागात बायकांचे गट गव्हाच्या भुसकटावर, सोयाबीनच्या काडावर धिंगरी अळंबी काढतात. प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या अंधाऱ्या खोलीत शिरलं की ओल्या काडाचा वास येतो आणि पिशव्यांच्या भोकांतून शिंपल्यासारखे गुच्छ बाहेर आलेले दिसतात. उत्तम भाजी आहे ती. प्रथिनं आहेत, कांदा-लसूण घालून परतली की पोरंही खातात. तिला कॅन्सरची शपथ घालायची गरज नाही. प्रशिक्षण देणाऱ्या काही जणांकडून त्यांना 'औषधी म्हणून विका, चौपट भाव येतो' असं शिकवलं जातं. उद्या कारवाई झाली तर त्या बायका अडकतील, शिकवणारा नाही. कृषी विभागानं आणि बचत गटांच्या महासंघांनी त्यांना भाजी म्हणून विकायला बाजार मिळवून द्यावा. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा धिंगरी का नको?

१०. केसपेपरवर एक ओळ वाढवा.

रुग्ण अळंबी घेतो ते लपवून घेतो. डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाही. त्यामुळं सर्जनला कळत नाही, केमो देणाऱ्याला कळत नाही, आणि उपचार का लांबला हे कागदावर कुठंच येत नाही. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, आणि कॅन्सरच्या प्रत्येक दवाखान्यात केसपेपरवर एक प्रश्न छापावा: 'याशिवाय काय घेता?' आणि विचारणाऱ्यानं आवाज न चढवता विचारावं. जो अळंबी घेतो तो अडाणी नसतो, घाबरलेला असतो. त्या बाईंना ऑपरेशननंतर बहिणीचं तोंड कसं दिसेल, हे कुणी बसून सांगितलं असतं, ऑपरेशन झालेल्या एखाद्या बाईशी गाठ घालून दिली असती, तर चौतीसशे रुपये गाठीतच राहिले असते. ऑपरेशनला तर पैसे लागणारही नव्हते. २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यात सोलापूर होतं. आज ती महात्मा फुले यांच्या नावानं चालते आणि कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन तिच्यात बसतात. त्यांना ते माहीत नव्हतं. अळंबीचा व्हिडिओ मात्र तीन जणांनी पाठवला होता.

मी माझ्या दुकानात आता एक पाटी लावली आहे. मराठीत मी लिहिली, तेलुगूत शेजारच्या साडीच्या दुकानातल्या अक्कांनी, कन्नडमध्ये अक्कलकोटहून माल घेऊन येणाऱ्या मुलानं. 'तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर आधी सिव्हिलला दाखवा. गाडीभाडं नसेल तर इथं मागा.' त्या बाई अजून येतात, बहिणीच्या गोळ्या न्यायला. परवा पाटी वाचून थांबल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, हिचा फोटो काढून द्या की. कारखान्यातल्या ग्रुपवर टाकते."